‘कान्हे ५ एचपी’ कुठे गेला?

‘सिंक केलंय, आता काळजी नाही.’ मोबाइल दुकानदार हे म्हणतो, भाचा म्हणतो, ऑफिसातले सहकारी म्हणतात. फोन हरवला तरी नंबर राहतील, फोटो राहतील, वरती सगळं आहे. ‘वरती’ म्हणजे नेमकं कुठे, हे कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही. आमच्याकडे ‘वरती सगळं लिहिलं जातं’ असं एका वेगळ्याच हिशेबाबद्दल म्हणतात, आणि तिथले लिहिणारे चुकत नाहीत अशी श्रद्धा असते. फोनच्या बाबतीत लोकांनी तीच श्रद्धा उचलून आणून ठेवली आहे.

अब्बांचं इंदुरीत मोटार वायंडिंगचं दुकान होतं. तळेगावहून चाकणला निघालं की वाटेत इंदुरी लागते. एका अंगाला इंद्रायणी, गावात सरसेनापती दाभाड्यांची गढी, आणि रस्त्यावर दिवसरात्र कंपन्यांचे कंटेनर. अब्बा इथे बसायला लागले तेव्हा कंटेनर नव्हते, बैलगाड्या होत्या. गिऱ्हाईक शेतकरी. नदीवरच्या, विहिरीवरच्या मोटारी. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं किंवा तीनपैकी एक फेज गेला की मोटार जळायची. मग ती उघडायची, करपलेली तांब्याची तार कापून काढायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा आणि तोच हिशेब धरून नव्याने भरायची. हा हिशेब अब्बा एका लांबट वहीत लिहून ठेवत. ‘२४ स्लॉट, गेज १९, वेढे ३८’ अशा ओळी. तीच मोटार पुन्हा आली तर मोजायला नको. वहीची पानं वॉर्निशने चिकट आणि कडा काळ्या झालेल्या.

मोबाइल आला तेव्हा अब्बांनी त्याचीही वहीच केली. नंबर सेव्ह करताना माणसाचं नाव टाकायचे नाहीत, मोटारीचं टाकायचे. ‘कान्हे ५ एचपी’, ‘उंबरे विहीर’, ‘माळवाडी नदीवरची’, ‘सुदुंबरे दोन भाऊ’. सगळं देवनागरीत, कारण शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत. फोन वाजला की उचलायच्या आधीच त्यांना कळायचं, कुठली मोटार, किती जुनी, मागच्या वेळी काय झालं होतं. समोरच्याने ‘मिस्त्री’ म्हणायच्या आत हे म्हणायचे, ‘हां बोला, परत फेज गेला का?’ पलीकडचा माणूस खूश. आपली मोटार मिस्त्रींच्या ध्यानात आहे, म्हणजे आपण ध्यानात आहोत. दुकान चाललं ते तांब्यावर कमी आणि यावर जास्त.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यांचा जुना फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि गेला. सिममध्ये थोडेफार नंबर होते. सिमची जागाच मुळात अडीचशेच्या आसपास नावांची, त्यातही नाव छोटं हवं, देवनागरीत तर आणखी छोटं. बाकीचे नंबर बिघडलेल्या फोनमधून एका दुकानदाराने फाइल करून काढून दिले. ती फाइल संगणकावर उघडली तर नावांच्या जागी बरोबरच्या खुणा आणि ई-शून्य, ए-चार अशा अक्षरांची रांग. देवनागरी पाठवताना जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये एकेका अक्षराचे असे तीन-तीन तुकडे होतात. ते पुन्हा जोडले की नाव दिसतं. आपाच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, ते जोडून दिलं. पोरगा तळेगावात इंजिनिअरिंगला. नवा फोनही त्यानेच लावून दिला. अब्बांना जुन्या खात्याचा पासवर्ड आठवत नव्हता, तेव्हा त्याने स्वतःच्याच खात्याने फोन सुरू केला. नानांचं काम पाच मिनिटांत झालं.

त्या दिवसापासून भाच्याच्या फोनमध्ये मावळातल्या सहाशे मोटारी आल्या आणि अब्बांच्या फोनमध्ये कॉलेजची पोरं. काही आठवडे दोघांनीही हे चालवून घेतलं. मग एका रात्री भाचा फोन साफ करायला बसला. ‘उंबरे विहीर’ कोण? ‘नदीवरची’ कोण? फोनने विचारलं, काढायचे का? त्याने काढले. नानांच्या फोनमधूनही काढायचे का, असं फोनने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंदुरीत फोन वाजला आणि पडद्यावर नुसता दहा आकडी नंबर आला. अब्बांनी उचलला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, ‘कोण बोलतंय?’ पलीकडून उत्तर आलं, ‘ओ मिस्त्री, आमी कान्ह्याचे! वळखलं न्हाय व्हय?’

शहरातल्या माणसाला यात काही वाटणार नाही. गावात ‘कोण बोलतंय’ हा प्रश्न परक्याला विचारतात. एकदा विचारला तर हसून सोडून देतात. रोज आठ-दहा जणांना विचारला की बोलणं सुरू होतं: मिस्त्रींना आताशा आठवत नाही, वय झालं, मोटार चाकणला न्यावी. अब्बांनी घरात काहीच सांगितलं नाही. फोनला अजून सवय झाली नसेल, नावं येतील हळूहळू, असं ते स्वतःला समजावत राहिले. खरं तर त्यांना भीती होती की आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. दीड महिन्याने अम्मीने मला सांगितलं, ‘अब्बा फोन उठाते नहीं आजकल.’ मी जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्या खात्यात काढून टाकलेली नावं कचऱ्याच्या डब्यात तीस दिवस राहतात. तीस दिवस होऊन गेले होते. दुकानदाराने काढलेली फाइलही काम झाल्यावर त्याने पुसली होती, आणि जुना फोन भंगारात.

भाचा रडवेला झाला. त्याला कुणी बोललं नाही, अब्बा तर मुळीच नाही. त्याने आपल्या फोनमधला कचरा काढला होता. ज्या यंत्रणेने दोन माणसांची यादी एक करून ठेवली, तिने हे दोघांपैकी कुणालाही समजेल अशा भाषेत कधी सांगितलं नव्हतं.

सिंक दोन जागा सारख्या ठेवतो, एवढंच त्याचं काम. इथे भर पडली तर तिथे भर, इथे खोडलं तर तिथे खोडलं. हे काम तसं अवघड आहे. समजा एका फोनवरून नाव काढलं आणि दुसरा फोन तेव्हा बंद होता. चार दिवसांनी तो चालू झाला, तर त्याच्याकडे ते नाव आहे आणि वरच्या यादीत नाही. मग ते नवीन समजून वर चढवायचं की जुनं समजून पुसायचं? हे कळावं म्हणून वरचा संगणक काढलेल्या नावाच्या जागी एक खूण ठेवतो. इंजिनिअर लोक तिला ‘टूम्बस्टोन’ म्हणतात, म्हणजे कबरीवरचा दगड. पुढच्या प्रत्येक फोनने तो दगड वाचायचा आणि आपल्याकडचं नाव दफन करायचं. आणि एकाच नोंदीत दोन फोनवर दोन वेगळे बदल झाले, तर बऱ्याच ठिकाणी साधा नियम असतो: शेवटी लिहिलं ते खरं. आधीचं गुपचूप जातं.

नोंदीच्या अनेक जागा आहेत म्हणून ती सुरक्षित आहे, हा समज इथेच फसतो. जागा अनेक, नोंद एकच. अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये साइडकिक नावाच्या फोनवाल्यांना हे कळलं. त्या फोनमधली नावं, फोटो, तारखा मुळात डेंजर नावाच्या कंपनीच्या सर्व्हरवर राहत. ही कंपनी मायक्रोसॉफ्टने आदल्या वर्षी विकत घेतली होती. सर्व्हर बिघडला, आणि फोनसेवा देणाऱ्या टी-मोबाइलने गिऱ्हाइकांना सांगितलं, बॅटरी काढू नका, फोन बंद पडू देऊ नका. बंद होऊन पुन्हा चालू झालेला फोन वरती विचारायला गेला असता आणि रिकाम्या हाताने परत आला असता. पुढे बरीचशी माहिती मिळवता आली, पण ते दिवस लोकांनी चार्जर घट्ट धरून काढले.

याहून बोलकी गोष्ट फेब्रुवारी २०११ ची. एका सॉफ्टवेअर बदलातल्या दोषामुळे जीमेलच्या काही लोकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. गूगलच्या म्हणण्याप्रमाणे ते प्रमाण ०.०२ टक्के होतं. माहितीच्या प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, तरी दोष त्या सगळ्या प्रतींपर्यंत पोहोचला. शेवटी पत्रं परत आली ती चुंबकीय टेपवरून. टेप कुठल्याही तारेला जोडलेली नव्हती, म्हणून दोष तिच्यापर्यंत गेला नाही. जगाला ‘वरती ठेवा’ सांगणाऱ्या कंपनीने स्वतःसाठी खालीही एक ठेवलं होतं.

इंदुरीपासून जवळच सुदुंबरे आहे. तिथे संताजी जगनाडे यांची समाधी आहे. व्यवसायाने तेली असलेले संताजी तुकोबांचे अभंग वहीत उतरवून घेत. गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तरली, ही कथा या नदीकाठचं प्रत्येक पोर ऐकत वाढतं. मीही शाळेत ऐकली. भाविक तिला चमत्कार मानतात. काही जण म्हणतात, अभंग लोकांच्या तोंडी होते आणि संताजींसारख्यांच्या वह्यांत होते म्हणून राहिले. त्या वादात मला पडायचं नाही. माझं लक्ष पाठभेदांकडे जातं. गाथेच्या हस्तलिखितांत एका वहीतला शब्द दुसरीत वेगळा असतो, एखादा अभंग एकीत असतो आणि दुसरीत नसतो. संशोधकांना त्याची डोकेदुखी होते. पण एक वही नदीत टाकली म्हणून दुसऱ्या वहीतली शाई विरघळत नाही.

रमजानमध्ये तरावीह पढवणाऱ्या हाफिजसाहेबांच्या मागे पहिल्या सफमध्ये दुसरा हाफिज उभा असतो, त्याला सामे म्हणतात. पुढचे कुठे अडखळले की हा मागून लुकमा देतो. दोघांनी कुराण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उस्तादाकडे पाठ केलेलं असतं, म्हणून एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला खटकते. फोन आणि लॅपटॉप एकमेकांना लुकमा देत नाहीत. पुढचा चुकला की मागचा तेच म्हणतो.

वहीचं फार कौतुकही करायला नको. अब्बांच्या वहीत वेढे होते, गेज होता, नंबर नव्हते. दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले काही मिळाले, त्यातले अर्धे कधीच बंद झालेले. बिलबुकाच्या पाठीवर काही मिळाले. शे-दीडशे शेतकरी स्वतःच फोन करून पुन्हा यादीत आले, प्रत्येक वेळी तो ‘कोण बोलतंय’ पार करून. बाकीचे कुठे गेले ते कळलं नाही. चाकणला गेले असतील. त्यानंतर अब्बांच्या नावाचं स्वतंत्र खातं उघडलं, पासवर्ड वायंडिंगच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला, आणि दर ईदला यादी छापून काढायची असं ठरलं.

ईदवरून आठवलं. शारजाहला असलेल्या भाईजानने सगळ्या घरासाठी एक सामाईक कॅलेंडर केलं होतं. २०२४ मध्ये त्याने १० एप्रिलला ‘ईद’ लिहिलं आणि ती इंदुरीतल्या सगळ्या फोनवर उमटली. तिथे ईद खरोखरच १० तारखेला झाली. आपल्याकडे चांद दिसला नाही, ११ ला झाली. आपाने तारीख बदलली तर शारजाहची बदलली. त्याने परत बदलली तर इथली. अब्बा म्हणाले, ‘चांद को भी फोन लगाओ.’ दोघंही बरोबर असू शकतात, ही सोय त्या यंत्रात नाही. नावांचंही तसंच. शेख हे आडनाव रोमन लिपीत लोक चार तऱ्हांनी लिहितात आणि प्रत्येक कागदावर वेगळं असतं, तेव्हा एकाच माणसाची तीन नावं होतात. उलट आपाच्या फोनने दोन वेगळे शेख ‘एकच दिसतात, जोडू का?’ म्हणून जोडून टाकले, एक मटणवाले आणि एक वकील. घराच्या दस्ताचा फोटो मटणवाल्यांना गेला. त्यांनी सभ्यपणे विचारलं, याचं मी काय करू?

अब्बांचा इंतकाल जुलै २०२४ मध्ये झाला, भात लावणीच्या दिवसांत. कब्रस्तानात टोप्यांइतकेच गांधी टोपीवाले होते. कान्ह्याचे आले होते.

जियारत झाली, चाळीसावा झाला, मग तरक्याचा विषय निघाला. आमच्यात त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, मग वारसांचे हिस्से. अम्मीचा आठवा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. दुकान, हत्यारं, उरलेली तांब्याची तार, सगळ्याला भाव लावता आला. फोनलाही लागला, दोन हजार. त्यातल्या खात्याला भाव नाही आणि वारसही नाही. ॲपलच्या अटींत तर लिहिलेलंच आहे की कायदा वेगळं सांगत नसेल तर खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मालकाच्या मृत्यूबरोबर हक्क संपतो. डिसेंबर २०२१ पासून त्यांनी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमायची सोय दिली. गूगलकडे २०१३ पासून ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे: खातं ठरावीक महिने गप्प राहिलं तर कुणाला कळवायचं, काय द्यायचं, हे आधी लिहून ठेवता येतं. न लिहिलेलं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरात नसेल तर पुसलं जाऊ शकतं. हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही वारस नेमायचा हक्क लिहिलेला आहे. हे सगळं जिवंत माणसाने करायचं. वसियत करायला टाळणारी आपली माणसं हे करतील असं मला वाटत नाही, पण या ब्लॉगवर येणाऱ्या तरुणांनी आज रात्री आईवडिलांच्या फोनमध्ये दहा मिनिटं घालवावीत.

त्याहून तातडीचा प्रश्न सिमचा. प्रीपेड नंबर सलग नव्वद दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर देतात. ट्रायने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं होतं. म्हणजे अब्बांचा नंबर उद्या कुणा अनोळखी पोराच्या हातात, आणि खात्यात शिरायचा ओटीपी त्याच्या हातात. म्हणून मी रिचार्ज करत राहिलो. पण नुसता रिचार्ज पुरत नाही. व्हॉट्सॲप साधारण १२० दिवस गप्प राहिलेलं खातं काढून टाकतं, आणि मूळ फोन चौदा दिवसांहून जास्त वापरला नाही तर जोडलेला लॅपटॉप बाहेर पडतो. तेव्हा दर जुम्म्याला नमाजनंतर अम्मी अब्बांचा फोन चार्जिंगला लावते, नेट चालू करते, पाच मिनिटं हातात धरते आणि बंद करते. तांत्रिकदृष्ट्या एवढं पुरतं.

त्या फोनमध्ये अब्बांचे आवाज फारसे नाहीत. जागा भरली की ते स्वतःच पुसायचे. आवाज आहेत ते भाईजानच्या फोनमध्ये. अब्बा टाइप करत नसत, शारजाहला बोलून पाठवत: पाऊस किती झाला, नदीला पाणी कुठवर आलं, अम्मीच्या गुडघ्याचं काय, कुठली मोटार जळाली. भाईजानचा फोन अँड्रॉइडचा, काच तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. कंपनीने त्याला आयफोन दिलाय, तो कपाटात आहे. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो आणि आयफोनचा आयक्लाउडमध्ये. एकाचा दुसऱ्यात उघडत नाही. २०२२ पासून फोनवरून फोनवर थेट हलवायची सोय आहे, पण भाईजान म्हणतो, मधेच काही झालं तर? त्याला मी काय सांगणार. त्याने उंबरे विहिरीची गोष्ट ऐकलेली आहे.

मग आम्ही हाताने करायचं ठरवलं. तो एकेक आवाज वेगळा काढून मला मेलवर पाठवतो. फाइलचं नाव येतं ते पीटीटी, मग तारीख, मग एक क्रमांक. कोण बोललं ते त्यात नसतं. ते फक्त चॅटच्या पडद्यावर होतं, फाइलबरोबर येत नाही. एकदा उघडलं तर भाईजानच्या मुकादमाने सिमेंटच्या गोण्यांची संख्या सांगितली होती. प्रत्येक फाइल ऐकायची आणि नाव द्यायचं. एका बैठकीत चार-पाचच्या वर होत नाहीत.

दोन हार्ड डिस्क घेतल्या आहेत, एक इंदुरीत आणि एक लोणावळ्याला आपाकडे. दोन्ही नेटला जोडलेल्या नाहीत. तिच्याकडच्या फाइलींना ती ऐकून तिच्या पद्धतीने नावं देते, मी माझ्या. परवा तिचा फोन आला, एकाच आवाजाला तिने ‘अब्बा खोकला’ म्हटलंय आणि माझ्या यादीत तो ‘अब्बा, नदीला पूर’ आहे, कुठलं ठेवायचं? दोन्ही राहू दे म्हटलं.